बिअरच्या शौकिनाला काय भेट द्यावं: ग्लास, ग्राउलर आणि घरी बनवलेला भिंतीवरचा ओपनर

चांगली बिअर बिघडते ती मुख्यतः चार गोष्टींनी: उष्णता, ग्लासाला राहिलेला तेलकटपणा, उडून जाणारा गॅस आणि प्रकाश. भेट निवडताना एवढंच बघा की ती वस्तू यांतल्या एकीला तरी अडवते का, किंवा निदान रोज हातात येते का. दिवे लागणारे मग, दोन कॅन अडकवून नळीने प्यायची टोपी, गाणं वाजवणारा ओपनर या वस्तू एका संध्याकाळपुरत्या हसवतात आणि मग माळ्यावर जातात.

काही वस्तू तर बिअरचं नुकसानच करतात. व्हिस्कीसाठीचे थंड खडे बिअरमध्ये टाकले की त्यांच्या खडबडीत अंगावर गॅसचे बुडबुडे भराभर सुटतात, फेस ग्लासाबाहेर येतो आणि खाली बेचव बिअर उरते. बाटलीत घालायच्या थंड सळईचंही तसंच आहे. ती घालण्याआधी ४०-५० मिली बिअर ओतून जागा केली नाही, तर फेस टेबलभर होतो. शिवाय ती आधीच थंड असलेली बिअर थोडा वेळ थंड ठेवते, कोमट बिअर थंड करत नाही. फ्रीझरमध्ये गोठवायचा मग दिसायला छान, पण त्याच्या आत बर्फाचे कण धरतात, त्यामुळे फेस बेसुमार येतो आणि जीभ बधिर झाल्याने चव लागत नाही.

ग्लास

सगळ्यांत खात्रीची भेट ग्लासची, पण आकार जुळवून घ्यावा लागतो. आपल्याकडे बाटली ३३० किंवा ६५० मिलीची आणि कॅन बहुधा ३३० किंवा ५०० मिलीचा मिळतो. फेसाला वर जागा लागते, म्हणून ३३० मिलीसाठी काठोकाठ ४०० मिलीच्या वर मावेल असा ग्लास हवा. गव्हाच्या बिअरचा उंच जर्मन ग्लास घेत असाल तर त्यावर अर्ध्या लिटरची खूण आहे का बघा. खुणेच्या वर चार बोटं काच असते ती फेसासाठीच. प्यायच्या बिअरचा प्रकार माहीत नसेल तर पोट फुगीर आणि तोंडाकडे निमुळता होणारा ट्यूलिप आकाराचा ग्लास घ्या, त्यात वास कोंडून राहतो आणि बहुतेक सगळे प्रकार चालतात. चार साधे ग्लास देण्यापेक्षा दोन चांगले द्या.

नाव कोरून घ्यायचं असेल तर ते बाहेरच्या अंगाला. आतल्या बाजूला कोरलेल्या प्रत्येक रेघेवरून बुडबुडे उठतात. काही ग्लासांच्या तळाशी आतून मुद्दाम एक बारीक वर्तुळ कोरलेलं असतं, ते फेस टिकवण्यासाठी. तेवढं एकच कोरकाम आतून असावं.

ग्लासाबरोबर लांब दांड्याचा मऊ ब्रश आणि एका कागदावर धुण्याची रीत लिहून द्या, कारण भारी ग्लाससुद्धा तेलकट असला तर फेस मिनिटभरात बसतो. ग्लासाची घासणी वेगळी ठेवायची, भाजीच्या कढईची लावायची नाही. सौम्य साबण, मग भरपूर पाणी, आणि फडक्याने न पुसता जाळीवर उपडा वाळवायचा. पालथा ग्लास सपाट ओट्यावर ठेवला तर आत दमट वास धरतो. तपासायला ग्लास पाण्याने ओला करा आणि आतून चिमूटभर मीठ भुरभुरा. मीठ सगळीकडे सारखं चिकटलं तर ग्लास स्वच्छ, जिथे चिकटलं नाही तिथे तेल आहे. तपासून झालं की मीठ धुऊन टाका.

कॅनचा अंगरखा आणि थर्मामीटर

कमी पैशांत द्यायची असेल तर निओप्रीनचा (मऊ रबरी फोमचा) कॅनवर चढवायचा अंगरखा कोकण, गोवा आणि मुंबईत खरोखर उपयोगी पडतो. दमट हवेत थंड कॅनवर दव धरतं, आणि वाफेचं पाणी होताना सुटलेली उष्णता थेट कॅनमध्ये जाते. अंगरखा दव धरायची जागाच झाकतो. घेताना कॅनचा व्यास मोजा: नेहमीचा कॅन साधारण ६६ मिमीचा, सडपातळ ५८ मिमीचा. नेहमीच्या कॅनचा अंगरखा सडपातळ कॅनला सैल होतो आणि सैल अंगरख्याच्या आत दव धरतंच.

सोबत स्वयंपाकाचा सळईवाला डिजिटल थर्मामीटर द्यायला हरकत नाही. लागर (नेहमीची फिकट, हलकी बिअर) ४ ते ७ अंश, गव्हाची बिअर ५ ते ८, आयपीए (कडवट, वासाची बिअर) ७ ते १०, स्टाउट (काळी, दाट बिअर) १० ते १३ अंश सेल्सिअसला खुलते. फ्रिजमधून काढलेला स्टाउट वीस मिनिटं बाहेर ठेवून प्यायल्यावर त्यातला कॉफी-चॉकलेटचा वास कळतो, तोवर तो नुसता कडू लागतो.

ग्राउलर

ग्राउलर म्हणजे ताजी बिअर भरून न्यायची घट्ट झाकणाची मोठी बाटली. महाराष्ट्रात २०२० पासून मायक्रोब्रुअरीतून, म्हणजे जागेवरच बिअर बनवणाऱ्या छोट्या कारखान्यातून, ताजी बिअर ग्राउलरमध्ये भरून घरी नेता येऊ लागली. पुण्यात २००९ साली डूलाली ही मायक्रोब्रुअरी सुरू झाल्यापासून ताज्या बिअरचे शौकीन वाढत गेले आहेत, त्यांच्यासाठी ही भेट योग्य. घेण्याआधी ते ज्या ठिकाणी जातात तिथे बाहेरचा ग्राउलर भरून देतात का, हे विचारा. काही ठिकाणी फक्त स्वतःच्याच बाटल्या भरतात.

एकटं पिणाऱ्याला १ लिटरचा पुरे, घरात दोघं-तिघं असतील तर २ लिटरचा. दुहेरी भिंतीचा स्टीलचा सगळ्यांत चांगला: प्रकाश आत जात नाही, थंडावा टिकतो. तो आधी रात्रभर फ्रिजमध्ये ठेवायचा, नाहीतर कोमट स्टीलला लागताच बिअर फसफसते. नळाला तळापर्यंत पोचणारी नळी लावून खालून वर भरायचं आणि तोंडाशी दोन-तीन सेंटिमीटर जागा सोडायची. बंद ग्राउलर फ्रिजमध्ये काही दिवस तग धरतो, पण एकदा उघडला की दोन दिवसांत संपवावा. साध्या काचेच्या बरणीत किंवा शोभेच्या बाटलीत कधीही भरू नका. ४ अंशांवरची बिअर ३० अंशांवर गेली की आतला दाब दुपटीहून जास्त होतो आणि बरणी फुटू शकते.

गॅसच्या दाबावर चालणारा ग्राउलर देत असाल तर कार्ट्रिज (गॅसची छोटी नळकांडी) नीट बघून घ्या. बिअरला कार्बन डायऑक्साइडचं लागतं. क्रीम फेसाळायची नायट्रस ऑक्साइडची कार्ट्रिजं ८ ग्रॅमची आणि दिसायला तशीच असतात, त्यांनी चव बिघडते. १६ ग्रॅमची पुष्कळदा आट्यांची असतात, तेव्हा ग्राउलरच्या रेग्युलेटरला (गॅसचा दाब सांभाळणाऱ्या भागाला) आट्यांचं चालतं की साधं, हेही तपासा.

हाताने बनवायची भेट: चुंबकाचा ओपनर

बाटलीचं दातेरी झाकण विल्यम पेंटरने १८९२ मध्ये बाल्टिमोरला पेटंट केलं. ते पत्र्याचं असतं, म्हणून चुंबकाला चिकटतं. फळीत लपवलेला चुंबक ओपनरमधून पडणारं झाकण धरून ठेवतो. साहित्य असं: ३० × १० सेंमीची सहा सुती (१९ मिमी) सागवानी फळी, बिडाचा दोन भोकांचा ओपनर, ४० × १० मिमीचा गोल निओडायमियम चुंबक, १० नंबरचे ७५ मिमी स्टेनलेस स्टीलचे तीन स्क्रू, ८ मिमीच्या लांब गिट्ट्या (भिंतीच्या भोकात घालायच्या), एपॉक्सी आणि जवसाचं तेल.

१. ओपनर फळीच्या वरच्या भागात ठेवून भोकांच्या खुणा करा. ओपनरच्या खालच्या कडेपासून १० ते १२ सेंमीवर चुंबकाचा मध्य येतो. जास्त खाली गेला तर झाकण वाटेतच बाहेर उडतं.

२. फळीच्या मागून ४० मिमीच्या फोर्स्टनर बिटने (सपाट तळाचा गोल खड्डा पाडणाऱ्या ड्रिलच्या बिटने) खड्डा घ्या. पुढे ३ मिमी लाकूड राहायला हवं, पण या बिटचं मधलं टोक पुढे आलेलं असतं आणि ते दर्शनी बाजूला फुटतं. म्हणून ५ मिमी उरलं की थांबा आणि बाकीचं पटाशीने काढा.

३. चिकटवण्याआधी चुंबक खड्ड्यात ठेवून पुढून झाकण टाकून बघा. घसरलं तर लाकूड जाड राहिलंय. ठीक असेल तर एपॉक्सीने बसवा आणि रात्रभर सुकू द्या.

४. स्क्रूसाठी ५ मिमीची आरपार भोकं पाडा. भोक न पाडता स्क्रू पिळला तर सागवान रेषेत चिरतो.

५. १२० आणि मग २२० नंबरच्या पॉलिश पेपरने घासून तेलाचा हात द्या, वीस मिनिटांनी जास्तीचं पुसा आणि दिवसभराने दुसरा हात द्या. तेलाची फडकी चुरगाळून ठेवू नका, ती आपोआप पेट घेतात. पसरून मोकळ्या हवेत वाळवा.

६. ओपनरचे दोन्ही स्क्रू फळीतून थेट भिंतीत जायला हवेत आणि तिसरा फळीच्या खालच्या टोकाला. ७५ मिमी लांबी एवढ्यासाठीच: ओपनर आणि फळीत २५ मिमी जातात, प्लास्टरमध्ये १५, उरलेले विटेत. बाटली उघडताना जोर भिंतीतून बाहेर ओढणारा असतो, त्यामुळे आखूड गिट्टी प्लास्टरमध्येच बसली तर आठवड्याभरात हलायला लागते. दुहेरी टेप अजिबात चालत नाही. जमिनीपासून ११०-१२० सेंमी उंची बऱ्याच जणांना सोयीची पडते.

ही भेट पॅक करताना स्क्रू आणि गिट्ट्या पाकिटात घालून बरोबर द्या. घरात कुणाला पेसमेकर बसवलेला असेल तर चुंबक वगळा आणि त्याऐवजी ओपनरखाली झाकणं झेलायला पत्र्याचा डबा लावा.