स्पीडस्टरच्या प्रतिकृतीत सुबारू इंजिन: पुढच्या रेडिएटरची मांडणी

पोर्शे 356 स्पीडस्टरच्या बहुतेक प्रतिकृती म्हणजे आखूड केलेल्या फोक्सवॅगन बीटलच्या चेसिसवर फायबरग्लासची बॉडी. त्यात हवेवर थंड होणाऱ्या 1600 सीसी इंजिनाच्या जागी सुबारूचं पाण्यावर थंड होणारं ईजे22 इंजिन छान बसतं. दोन्ही आडवी चार सिलिंडरची आणि एकाच दिशेनं फिरणारी, त्यामुळे अडॅप्टर प्लेट आणि जुळणारं फ्लायव्हील घेतलं की बीटलचाच गिअरबॉक्स चालतो. सम्प (इंजिनाखालची तेलाची टाकी) मात्र खाली लोंबतो. तो कापून उथळ करायचा तर तेल ओढणारी नळीही तेवढीच आखूड करा. तिचं तोंड तळाला टेकलं तर तेलाचा दाब मिळणार नाही.

इंजिन मागे, रेडिएटर पुढे. गाडी तापायला लागली की सगळे आधी मोठा रेडिएटर शोधतात. दोष बहुधा त्यात नसतो. पाण्याच्या किंवा हवेच्या वाटेत असतो.

हवा आत कशी घ्यायची याचा विचार सगळे करतात, बाहेर कुठून जाईल याचा फार थोडे. रेडिएटरमागे बंद डिकी असेल तर तिथे दाब साचतो आणि समोरची हवा बाजूने निसटते. गरम हवेला खाली किंवा चाकांच्या कमानीत मोकळी वाट द्या. पुढची फट आणि रेडिएटर यांच्यामध्ये पत्र्याचा डक्ट करून कडा फोमनं बंद करा. डक्ट असा घट्ट असेल तर रेडिएटरच्या जाळीच्या क्षेत्रफळाच्या साधारण एक तृतीयांश फट पुरते. पंखा मागून हवा ओढणारा, पूर्ण श्राउडसह (भोवतीच्या आवरणासह) आणि रिलेवर घ्या. गाडी ट्रॅफिकमध्ये तापते पण वेगात ठीक राहते, तर पंखा तपासा. उलट असेल, तर डक्ट आणि पाण्याचा प्रवाह.

पाण्यासाठी आतून 32 मिमीचे दोन पाइप, स्टेनलेस किंवा अॅल्युमिनियमचे. तांब्याचे नकोत, इंजिन आणि रेडिएटर अॅल्युमिनियमचे असल्यानं गंज तिथे धरतो. प्रत्येकी 3 मीटर धरले तर या पाइपांतच जवळजवळ 5 लिटर पाणी मावतं. टोकांना उभार (भोवती उठलेली कड) काढून घ्या, नाहीतर गरम होज क्लिपसकट निसटतो. मध्ये कुठेही उंचवटा नको, तिथे हवा अडकते. जॅक लावायच्या जागा टाळा.

आता थर्मोस्टॅट, म्हणजे तापमानानुसार पाण्याची वाट उघडणारी झडप, कारण सर्वाधिक घोळ इथेच होतो. ईजेमध्ये तो इंजिनाच्या खालच्या अंगाला, पंपात पाणी शिरतं तिथे असतो. हीटरमधून परत येणाऱ्या गरम पाण्यावरून त्याला इंजिनाचं तापमान कळतं. प्रतिकृतीत हीटर नसतो म्हणून लोक हीटरच्या होजची इंजिनावरची दोन्ही तोंडं बुजवून टाकतात. मग इंजिन तापलं तरी थर्मोस्टॅट गारच राहतो. तो उशिरा उघडतो, पुढून गार पाण्याचा लोंढा येतो, तो पुन्हा मिटतो आणि तापमानाचा काटा खालीवर नाचत राहतो. उपाय सोपा आहे: ती दोन तोंडं होजनं एकमेकांना जोडा. थर्मोस्टॅट काढून टाकू नका; इंजिन कायम थंड चालेल.

हेडर टँक (कूलंट भरायची टाकी) इंजिनापाशी, सगळ्या व्यवस्थेत सर्वांत उंच हवा. त्याच्या तळातून जाड होज पंपाच्या आत येणाऱ्या बाजूला न्या. रेडिएटरच्या सर्वांत वरच्या कोपऱ्यातून आणि इंजिनावरच्या पाण्याच्या पाइपातून 8 मिमीच्या नळ्या टँकमध्ये आणा. रेडिएटर तिरका असेल तर वरचा कोपरा कुठला ते गाडी सपाट जमिनीवर उभी करूनच ठरवा.

साधारण 12 लिटर कूलंट, निम्मं पाणी निम्मं ग्लायकॉल, तयार ठेवा. रेडिएटरचा ब्लीड स्क्रू (हवा बाहेर सोडणारा) उघडून टँकमधून हळूहळू भरा. बुडबुड्यांशिवाय धार आली की बंद करा. झाकण लावून इंजिन चालू ठेवा, पंखा दोनदा लागून बंद होऊ द्या. पुढचे दोन्ही होज गरम लागले पाहिजेत. पूर्ण गार झाल्यावरच झाकण उघडून पातळी भरा. त्यानंतरही टँकमध्ये सतत बुडबुडे येत असतील तर हेड गॅस्केटचा (सिलिंडर हेडखालच्या सीलचा) संशय घ्या आणि कूलंटमध्ये एक्झॉस्टचा वायू आहे का, याची रासायनिक चाचणी करा.