वेब पेज स्क्रॅप करायचंय? आधी सोर्स बघा, मग कोड लिहा

पायथॉनने स्क्रॅपिंग, म्हणजे वेब पेजवरचा डेटा कोडने उचलणं, करताना बरेच जण थेट कोड लिहायला बसतात आणि तिथेच अडकतात. आधी ब्राउझरमध्ये पेज उघडून कंट्रोल यू दाबा, पेजचा सोर्स म्हणजे मूळ एचटीएमएल उघडेल, आणि हवा तो मजकूर सोर्समध्ये आहे का ते शोधा. इन्स्पेक्टमध्ये (पेजवर राइट क्लिक करून उघडणाऱ्या डेव्हलपर टूल्समध्ये) नाही हं, सोर्समध्येच, कारण इन्स्पेक्टमध्ये दिसतं ते जावास्क्रिप्ट चालून झाल्यानंतरचं आणि आपल्या स्क्रिप्टला मिळतं ते सर्व्हरने पाठवलेलं कच्चं एचटीएमएल. टेबलचंच घ्या, सोर्समध्ये टीबॉडी टॅग नसला तरी ब्राउझर तो स्वतःच घालतो, मग इन्स्पेक्टमधून कॉपी केलेल्या सिलेक्टरला (पेजवरचा घटक शोधायच्या पत्त्याला) कोडमध्ये काहीच सापडत नाही आणि चुकलं कुठे तेच कळत नाही. मजकूर सोर्समध्ये नसेलच तर डेव्हलपर टूल्समधला नेटवर्क टॅब उघडून पेज रिफ्रेश करा, बऱ्याचदा तोच डेटा जेसन (JSON) या नीट मांडलेल्या स्वरूपात वेगळा येत असतो, मग एचटीएमएल पार्सिंगची, म्हणजे त्यातून मजकूर वेगळा काढायची, भानगडच नको.

सोर्समध्ये असेल तर पिपने रिक्वेस्ट्स (पेज आणणारी लायब्ररी) आणि ब्युटिफुलसूप४ (एचटीएमएलमधून मजकूर काढणारी, पुढे नुसतं सूप) टाका. तो ४ महत्त्वाचा आहे. गेट करताना टाइमआउट द्याच, रिक्वेस्ट्स तो आपणहून लावत नाही आणि सर्व्हर गप्प बसला की स्क्रिप्ट लटकून राहते. स्टेटस २०० (सगळं ठीक) आला की पेज बाइट्समध्येच फाइलला सेव्ह करा आणि सिलेक्टर जमेपर्यंत त्या फाइलवरच खेळा, दर वेळी सर्व्हरला कशाला त्रास द्यायचा.

देवनागरी पेज असेल तर हे नीट वाचा. सूपला रिस्पॉन्सचं टेक्स्ट देऊ नका, कंटेंट द्या. सर्व्हरच्या हेडरमध्ये कॅरसेट (अक्षरांचं एन्कोडिंग) नसला तर टेक्स्टसाठी रिक्वेस्ट्स आयएसओ ८८५९-१ धरून चालतं आणि अक्षरांचा पार कचरा होतो. कंटेंट म्हणजे कच्चे बाइट्स, ते दिले की सूप मेटा टॅग बघून एन्कोडिंग ओळखतं.

शोधायला मला सूपच्या फाइंड ऑलपेक्षा सिलेक्ट बरं वाटतं, सीएसएस येत असेल तर शिकायला नवीन काही नाही. फक्त सिलेक्ट वनला काही सापडलं नाही की नन (None, म्हणजे काहीच नाही) येतं आणि त्यावर गेट टेक्स्ट लावलं की एरर, म्हणून आधी इफ टाका. लिंक अर्धवट असतील तर पायथॉनच्या यूआरएलजॉइनने पूर्ण करा.

बऱ्याच पेजेसवर लूप लावण्याआधी साइटची रोबोट्स डॉट टीएक्सटी (बॉट्सनी कुठे जायचं नाही ते सांगणारी फाइल) आणि अटी वाचा, जिथे मनाई आहे तिथे जाऊ नका. दोन रिक्वेस्टच्या मध्ये एक-दोन सेकंद स्लीप ठेवा, आणि स्टेटस ४२९ (फार रिक्वेस्ट्स झाल्या) आला तर रिट्राय-आफ्टर हेडरमध्ये जेवढा वेळ सांगितलाय तेवढं थांबूनच पुढची रिक्वेस्ट पाठवा.