प्रकाश सेन्सरचे आकडे भरवशाचे कसे करावेत

मे महिन्यात परभणीतील एका गच्चीवर ठेवलेला बीएच१७५० हा प्रकाश मोजणारा सेन्सर सकाळी साडेनऊपासून दुपारी साडेतीनपर्यंत ५४,६१२ लक्स (लक्स हे उजेड मोजण्याचे एकक) हा एकच आकडा दाखवत राहिला, तेव्हा मी आधी वायरी तपासल्या, मग सेन्सर बदलला, आणि दुसऱ्यानेही तोच आकडा दिल्यावर मुकाट्याने त्याचे माहितीपत्रक उघडले. हा सेन्सर सोळा बिटांत मोजतो, म्हणजे त्याची मोजणी ६५,५३५ वर संपते; तिला १.२ ने भागले की ५४,६१२ येतात. आपल्याकडचे दुपारचे ऊन मात्र लाख लक्सच्या घरात जाते. तेव्हा सेन्सर बिघडला असे ठरवण्यापूर्वी पुढील क्रमाने पाहावे.

प्रथम काम काय आहे ते ठरवावे. दिवेलागणीला अंगणातील दिवा लावण्यापुरते काम असेल, तर एलडीआर, म्हणजे उजेडानुसार विद्युत रोध बदलणारा साधा सेन्सर, पुरेसा आहे. लक्समध्ये आकडा हवा असेल, तर त्याच्या नादी लागू नये, कारण त्याचा रोध प्रकाशाच्या सरळ प्रमाणात बदलत नाही, तो हळू प्रतिसाद देतो आणि आधी पडलेल्या उजेडाचा परिणाम काही वेळ धरून ठेवतो.

मग पल्ला पाहावा. बीएच१७५० मध्ये मोजणीचा काळ ठरवणारे एक रजिस्टर, म्हणजे मूल्य साठवणारी छोटी जागा, असते. त्याचे मूळ मूल्य ६९ असून ते ३१ पर्यंत खाली आणता येते. तसे केल्यास वरची मर्यादा सुमारे १,२१,००० लक्सपर्यंत जाते, पण मिळालेल्या आकड्याला ६९ भागिले ३१ ने गुणावे लागते. सेन्सर वाचण्यासाठी मिळणाऱ्या काही लायब्ऱ्या (तयार कोडचे संच) हा गुणाकार स्वतःच करतात, म्हणून कोड वाचून खात्री करावी. तो दोनदा झाला, तर आकडा दुपटीहून अधिक फुगतो.

माझा कल मात्र सेन्सरवर पांढरे आवरण घालण्याकडे आहे, कारण त्याने दोन कामे होतात. उघडा सेन्सर तिरप्या किरणांना हवा तेवढा मान देत नाही, त्यामुळे सकाळ-संध्याकाळचे आकडे कमी येतात. नळजोडणीला वापरतात त्या पांढऱ्या टेफ्लॉन टेपचे दोन-तीन थर सेन्सरच्या वर, त्याला न चिकटवता, सपाट ताणून बसवले, तर प्रकाश पसरतो आणि कमीही होतो. किती कमी होतो ते मोजून घ्यावे: स्थिर दिव्यासमोर, अंतर न बदलता, आधी आवरणाविना आणि मग आवरणासह वाचन घ्यावे. आवरणाविना ६०० आणि आवरणासह २०० लक्स आले, तर यापुढे प्रत्येक वाचन तिप्पट करावे. टेपचे थर किंवा ताण बदलला की हा गुणक पुन्हा काढावा.

मॉड्यूलवरचा (सेन्सर बसवलेल्या छोट्या पट्टीवरचा) स्वतःचा छोटा दिवा काळ्या टेपने झाकावा. सेन्सर आडवा, गवंड्याच्या लेव्हलने तपासून बसवावा. उन्हाळ्यात वावटळीनंतर आवरणावर धूळ बसते. ती पुसल्याशिवाय त्या दिवसाचे आकडे वहीत उतरवू नयेत.

घरातील दिव्यांखाली वेगळी अडचण येते. आपला वीजपुरवठा ५० हर्ट्झचा असल्याने बरेच दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. एलडीआरसारख्या अॅनालॉग सेन्सरचे एकच वाचन त्यामुळे कमी-जास्त येऊ शकते. निदान १०० मिलिसेकंदांत पसरलेल्या वाचनांची सरासरी घ्यावी. बीएच१७५० उच्च अचूकतेच्या पद्धतीत साधारण १२० मिलिसेकंद मोजतो. पण त्याला १८० पर्यंत वेळ लागू शकतो, म्हणून तेवढे थांबावे.

आता पडताळणी, आणि तीही लक्समीटर विकत न घेता. माळवदाची अंधारी खोली असेल तर उत्तमच. एकच छोटा दिवा लावून पंधरा मिनिटे तापू द्यावा, सेन्सर ५० सेंटिमीटरवर ठेवून वाचन घ्यावे, मग १०० सेंटिमीटरवर घ्यावे. दिवा बंद असतानाचे वाचन दोन्हींतून वजा केल्यावर पहिले दुसऱ्याच्या चौपट यायला हवे. तिप्पटच आले, तर बहुधा भिंतीवरून उजेड परतत असतो. मागे काळी घोंगडी टांगून पुन्हा मोजावे. शेवटी ५० सेंटिमीटरचे वाचन परत घ्यावे, कारण शेतीपंप सुरू झाल्यावर व्होल्टेज पडले आणि दिवा मंदावला, तर सगळा हिशेब चुकतो.

शेडनेटमध्ये मोजायचे असेल, तर एकाच सेन्सरने, आकाश निरभ्र असताना, बाहेर व आत काही मिनिटांच्या अंतराने, रोपांच्या उंचीवर चार-पाच ठिकाणी वाचने घ्यावीत. ५० टक्क्यांच्या जाळीखाली बाहेरच्या निम्मा उजेड अपेक्षित असतो. धुळीने माखलेल्या जुन्या जाळीखाली तो त्याहून कमी आला, तर गुणक बदलण्याआधी जाळी धुऊन पाहावी.