जुन्या गाडीची वायरिंग पावसाआधी: काय सील करायचं, काय मोकळं ठेवायचं

मे महिन्यात पारा ४५ च्या वर गेला की जुन्या गाडीचं रबर कडक होऊन तडकतं. मृगाच्या पहिल्या सरी त्याच भेगांतून आत शिरतात आणि अ‍ॅम्बॅसेडर, पद्मिनी किंवा जीप नुसती सेल्फ मारत बसते. म्हणून हे काम रोहिणीतच उरकावं. उन्हामुळे सुटे भाग दोन तासांत खडखडीत वाळतात. ओलावा आत ठेवून वरून सील मारलं, तर न मारलेलं परवडलं.

सगळंच बंद करायचं नाही, हे आधी ध्यानात घ्या. पाणी वरून येऊ द्यायचं नाही, आणि आलंच तर खालून निघायला वाट ठेवायची. दिव्यांच्या बुडाशी असलेली बारीक भोकं, डायनामोच्या (बॅटरी चार्ज करणाऱ्या भागाच्या) जाळ्या, डिस्ट्रिब्युटरला (प्लगांना ठिणगी वाटून देणाऱ्या भागाला) असेल ते हवेचं छिद्र, यांत सिलिकॉन भरलं की आतली वाफ आतच राहते. मग पाऊस उघडल्यावरही गाडी सुरू होत नाही आणि कारण सापडत नाही.

सामान: कॉन्टॅक्ट क्लीनर, सिलिकॉन ग्रीस, न्यूट्रल क्युअर (सुकताना आम्ल न सोडणाऱ्या) सिलिकॉनची एक ट्यूब, आतून गोंद असलेली हीट श्रिंक स्लीव्ह (गरम केली की आवळणारी नळी), कापडी वायरिंग टेप, रबरी ग्रोमेट (पत्र्याच्या छिद्रात वायरीभोवती बसणारी कडी), स्टार वॉशर, ४०० नंबरचा पॉलिश पेपर, मल्टिमीटर. हार्डवेअरच्या दुकानात मिळणाऱ्या स्वस्त सिलिकॉनला व्हिनेगरसारखा आंबट वास येतो. ते वायरिंगजवळ आणूच नका. सुकताना त्यातून निघणारं आम्ल तांबं खातं.

बॅटरीची बॉडीला जोडलेली वायर आधी सोडा. काही फार जुन्या गाड्यांत प्लस अर्थ असतो, म्हणजे बॉडीला बॅटरीचं मायनस नाही तर प्लस टोक जोडलेलं असतं, तेव्हा चिन्ह बघून हात घाला. टर्मिनलवरचा पांढरा-हिरवा थर पेलाभर पाण्यात चमचाभर खाण्याचा सोडा कालवून धुवा. सेलची झाकणं घट्ट असू द्या. सोडा आत गेला तर बॅटरीतलं अ‍ॅसिड मरतं. पुसून, वाळवून टर्मिनल कसा आणि मगच वरून व्हॅसलीन लावा.

मग अर्थिंग, म्हणजे करंट बॉडीतून बॅटरीकडे परत जायची वाट. जुन्या गाडीचे निम्मे रोग इथले असतात. बॉडीवरचा बोल्ट काढून त्याखालचा रंग आणि गंज चकचकीत पत्रा दिसेपर्यंत घासा, स्टार वॉशर घालून कसा, नंतर बाहेरून ग्रीस किंवा रंग मारा. मीटर व्होल्टवर ठेवून एक टोक बॅटरीच्या अर्थच्या खांबाला आणि दुसरं इंजिनच्या उघड्या धातूला लावा, कुणाला तरी सेल्फ मारायला सांगा. ०.२ व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर इंजिनची अर्थ पट्टी बदला.

डिस्ट्रिब्युटरचं झाकण उजेडाकडे धरून आतून बघा. दोन खुंट्यांच्या मधे पेन्सिलीनं ओढल्यासारखी बारीक काळी रेघ दिसली, तर करंट त्या रेघेवरून पळतोय. घासून उपयोग नाही, झाकण नवं घ्या. चांगलं असेल तर कोरड्या कापडानं पुसा. एचटी वायरींच्या (प्लगांकडे जाणाऱ्या जाड, हाय टेन्शन वायरींच्या) रबरी टोप्यांत आतल्या काठानं सिलिकॉन ग्रीसचा पातळ हात फिरवा. हे ग्रीस वीज वाहून नेत नाही, ते फक्त पाणी अडवतं, त्यामुळे थापायचं नाही. सीबी पॉइंटवर (डिस्ट्रिब्युटरमधल्या उघडझाप करणाऱ्या कॉन्टॅक्टवर) तर कणभरही नको. पॉइंट जळून काळे पडतात.

वायरीचं टोक सोलल्यावर तांबं काळं निघालं, तर लालसर तांबं लागेपर्यंत मागे कापत जा. काळ्या तारेला थिंबल (टोकाला दाबून बसवायचा धातूचा जोड) धरत नाही. स्लीव्ह आधी वायरीत ओवून घ्या (हे हमखास विसरतं), मग थिंबल दाबा आणि जोडाच्या दोन्ही बाजूंना १५ मिमी जाईल अशी स्लीव्ह हीट गननं आवळा. कडेनं गोंदाची बारीक कड बाहेर आली की जोड बंद झाला. काडीपेटीनं केलेलं काम एका बाजूला जळतं, दुसऱ्या बाजूला ढिलं राहतं. साधी काळी पीव्हीसी टेप आपल्याकडच्या उन्हात चिकट होऊन ओघळते आणि तिच्यावर धूळ बसते. लांब वायरींवर कापडी टेपच गुंडाळा.

बोनटमधून केबिनमध्ये वायरी जातात तिथलं ग्रोमेट बोटानं दाबून बघा. चिरलं असेल तर बदला. छिद्रात शिरण्याआधी वायरीला खाली थोडा झोळ द्या, म्हणजे वायरीवरून ओघळणारं पाणी झोळावरून खाली टपकेल, आत येणार नाही. फ्यूज बॉक्समध्ये पाणी बहुतेक वेळा पुढच्या काचेच्या बीडिंगमधून (काचेभोवतीच्या रबरी पट्टीतून) उतरतं, तेव्हा बीडिंग आधी आणि फ्यूज नंतर. फ्यूजच्या पट्ट्या पॉलिश पेपरनं हलक्या घासा, फ्यूज होता तेवढ्याच अ‍ॅम्पियरचा बसवा.

हेडलाइटचं रबर टणक झालं असेल तर नवं टाका. काच रिफ्लेक्टरला चिकटवायची झाली तर न्यूट्रल सिलिकॉनची ३ मिमी जाड सलग रेघ पुरे. आतल्या चांदीवर कापड फिरवू नका, ती पुसून जाते. सिलिकॉन हवेतल्या दमटपणावर सुकतं आणि मेमध्ये आपल्या हवेत दमटपणा नावालाच, त्यामुळे ट्यूबवर २४ तास लिहिलं असलं तरी दोन दिवस द्या. शेजारी ओलं पोतं टांगलं तर काम लवकर होतं.

तपासणीसाठी शेतातला फवारणी पंप उत्तम, फक्त औषधाचा अंश राहणार नाही इतका धुतलेला हवा. इंजिन चालू ठेवा, बोनट लावा, वरून आणि जाळीतून दहा मिनिटं फवारा. मग अंधारात बोनट उघडून एचटी वायरींकडे बघा, हात लावू नका. निळी ठिणगी दिसली ती वायर बदलायची. दिवे, वायपर, हॉर्न लावून बघा. हॉर्नचं तोंड खालच्या बाजूला नसेल तर ते वळवून घ्या.