ट्रकचा सेल्फ उचलत नाही? नवी बॅटरी घेण्याआधी दोन्ही बॅटऱ्या वेगवेगळ्या मोजा

पहाटे तीनला मार्केट यार्डात माल उतरतो, गाडी बाजूला घ्यायची असते आणि सेल्फ, म्हणजे इंजिन सुरू करणारी स्टार्टर मोटर, नुसता ‘टक’ करून गप्प बसतो. मागे गाड्यांची रांग लागलेली असते, त्यामुळे ‘बॅटरी गेली’ हा निकाल पटकन लागतो. पण दोष चार्जिंगमध्ये, अर्थमध्ये (बॅटरीच्या निगेटिव्हची चॅसिस-इंजिनाला असलेली जोडणी) किंवा वायरिंगमध्ये असेल, तर नव्या बॅटऱ्यांचीही काही महिन्यांत तीच गत होते. शिवाय जुन्या मेकॅनिकल पंपाचं डिझेल इंजिन एकदा सुरू झालं की त्याला वीज जवळपास लागतच नाही. चार्जिंग बंद असलेली गाडी दिवसा खंबाटकी, कात्रज आरामात चढून येते. बिघाड कळतो तो दुसऱ्या दिवशी सेल्फ मारताना.

साधा डिजिटल मल्टीमीटर घ्या. मोठ्या ट्रकमध्ये 12 व्होल्टच्या दोन बॅटऱ्या सिरीजमध्ये, म्हणजे एकीचा पॉझिटिव्ह दुसरीच्या निगेटिव्हला, जोडून 24 व्होल्ट केलेले असतात. गाडी चार-पाच तास उभी असेल तर लगेच मोजा. नुकतीच बंद केली असेल तर दोन मिनिटं हेडलाइट लावा, बंद करा आणि मग मोजा, नाहीतर मीटर खोटा आकडा दाखवतो. प्रत्येक बॅटरी स्वतंत्र मोजायची, हे महत्त्वाचं. 12.6 ते 12.8 म्हणजे भरलेली, 12.2 म्हणजे साधारण अर्धी, 12 च्या खाली म्हणजे रिकामी. दोन्हींचा एकत्र आकडा 24.6 आला की वरवर ठीक वाटतं, पण त्यात एक 12.8 आणि दुसरी 11.8 असू शकते. बेरजेवर विसंबून राहिल्यामुळेच हा दोष महिनोन्‌महिने लपून राहतो.

असा फरक दिसला तर आधी दोन बॅटऱ्यांमधल्या जोडणीवर कुणी वायर मारली आहे का ते बघा. टेप, मोबाइल चार्जर, केबिनमधला पंखा, जीपीएस अशा 12 व्होल्टच्या वस्तूंसाठी एकाच बॅटरीवरून लाइन ओढलेली सर्रास सापडते. ती बॅटरी रोज जास्त रिकामी होते. अल्टरनेटरला, म्हणजे इंजिनावर फिरून बॅटऱ्या चार्ज करणाऱ्या डायनामोला, मात्र फक्त बेरीज दिसते. तो 28.2 व्होल्ट देतो, तेव्हा भरलेली बॅटरी 15 पर्यंत चढते आणि रिकामी 13.2 वरच राहते. पहिलीचं पाणी उकळून आटतं, दुसरी कधीच पूर्ण भरत नाही आणि तिच्या प्लेटांवर सल्फेट घट्ट बसतं. म्हणजे एका वायरने दोन्ही बॅटऱ्या मरतात. ती वायर काढा आणि 24 चे 12 करणारा कन्व्हर्टर फ्यूजसह बसवा. त्यानंतर दोन्ही बॅटऱ्या सुट्या करून 12 व्होल्टच्या चार्जरवर वेगवेगळ्या भरा. करंट क्षमतेच्या दहाव्या हिश्श्याएवढा ठेवा, म्हणजे 130 एएचच्या (अँपिअर-तास, बॅटरीची क्षमता) बॅटरीला 13 अँपिअर. झाकणाच्या बॅटरीत हायड्रोमीटरने, म्हणजे ॲसिडची घनता मोजणाऱ्या नळीने, सहाही सेल तपासा. एखादा सेल बाकीच्यांपेक्षा 50 पॉइंटने मागे असेल, म्हणजे बाकीचे 1250 आणि तो 1200 किंवा त्याहून कमी, तर ती बॅटरी संपली. बदलताना जोडी बदला, एकाच क्षमतेची आणि एकाच वयाची.

आता चार्जिंग. इंजिन सुरू करून साधारण 1500 आरपीएमवर धरा. दोन्ही बॅटऱ्यांवर मिळून 27.5 ते 28.8 व्होल्ट यायला हवेत. हेडलाइट आणि ब्लोअर लावल्यावरही आकडा 27 च्या आसपास टिकला पाहिजे. 29 च्या वर जात असेल तर व्होल्टेज आवरणारा रेग्युलेटर, ज्याला गॅरेजमध्ये कटआऊट म्हणतात, तो बिघडलाय. पुण्याच्या एप्रिल-मे महिन्यात अशी बॅटरी पाणी फार झपाट्याने खाते. आकडा 25 च्या वर चढतच नसेल तर अल्टरनेटर खोलण्याआधी बेल्ट बघा. लांब बाजूच्या मधोमध अंगठ्याने दाबल्यावर 10 ते 12 मिलिमीटर दबला पाहिजे. बेल्टच्या कडा काचेसारख्या चकचकीत झाल्या असतील तर ताणून उपयोग नाही, बदलाच.

डॅशबोर्डवरचा चार्जिंगचा दिवाही इथेच तपासा. चावी ऑन, इंजिन बंद, तेव्हा तो पेटायला हवा. अनेक अल्टरनेटरना सुरुवातीचा करंट या दिव्यातूनच मिळतो. बल्ब उडाला की चांगला अल्टरनेटरही चार्ज करत नाही आणि दोष दाखवायला दिवाही पेटत नाही. हे सगळं ठीक असूनही चार्जिंग नसेल तर अल्टरनेटरचे कार्बन ब्रश झिजलेत का बघा. अल्टरनेटरमधल्या डायोडसाठी (एसीचा डीसी करणारे भाग) मीटर एसीवर ठेवून इंजिन चालू असताना बॅटरीवर मोजा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त एसी आला तर डायोड गेलाय. असा डायोड उभ्या गाडीची बॅटरीही रात्रीत पिऊ शकतो.

चालू इंजिनावर बॅटरीचं टर्मिनल काढून ‘डायनामो चार्ज करतो का’ हे पाहायची सवय मात्र सोडाच. व्होल्टेज क्षणात उसळतं. डायोड जातात आणि बीएस 6 गाडीत ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटरसुद्धा जाऊ शकतो.

बॅटऱ्या भरलेल्या, चार्जिंग बरोबर, तरी सेल्फ मंद फिरतो? मग करंटची वाट कुठेतरी अडली आहे. एकजण सेल्फ मारत असताना मीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्हच्या शिसाच्या खुंटावर आणि दुसरी इंजिन ब्लॉकच्या उघड्या लोखंडावर धरा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त आलं तर अर्थ खराब आहे. पॉझिटिव्ह खुंट ते सेल्फचा मोठा बोल्ट असंच मोजा. पिन वायरच्या टर्मिनलवर (खुंटावर आवळलेल्या क्लॅम्पवर) न धरता खुंटावरच धरा, कारण गंज बहुधा त्या दोघांमध्येच असतो. पावसाळ्यात चॅसिसवर चिखल बसतो आणि अर्थच्या थिंबलखाली (वायरच्या टोकाची धातूची कडी) हिरवट-पांढरी पूड धरते. बोल्ट सोडून लोखंड चकाकेपर्यंत घासा, घट्ट आवळा, मग वरून ग्रीस लावा.

काम करताना हातातलं कडं, घड्याळ काढा. अर्थची वायर आधी सोडा आणि सगळ्यात शेवटी जोडा. चार्जिंगजवळ विडी-काडी नको, तिथे हायड्रोजन असतो. पाणी कमी असेल तर फक्त डिस्टिल्ड वॉटर, प्लेटांच्या वर 10 ते 15 मिलिमीटर. नळाचं पाणी किंवा ॲसिड नाही. बीएस 6 गाडीची चावी बंद केल्यावर बॅटरीचा मेन स्विच लगेच पाडू नका, दोनेक मिनिटं थांबा. तेवढ्यात डीईएफचा (धूर स्वच्छ करायला वापरायचं युरियाचं द्रावण) पंप लाइनमधलं द्रव मागे ओढून घेतो. ते आत राहिलं तर त्याचे खडे होऊन लाइन तुंबते.