संशोधक डॉक्टरांचे पेपर आणि सायटेशन कसे तपासावेत?

मुलीला पीएचडीसाठी परळच्या एखाद्या संस्थेत गाइड शोधायचा असतो, किंवा घरातल्या रुग्णाला डॉक्टरांनी त्यांच्या ट्रायलमध्ये, म्हणजे रुग्णांवरच्या उपचार-चाचणीत, भाग घेण्याबद्दल विचारलेलं असतं. अशा वेळी कुणीतरी सांगतं, 'त्यांचे दीडशे पेपर आहेत,' आणि आपण पुढे काही विचारत नाही. विचारायला हवं. त्यासाठी लागणाऱ्या बहुतेक नोंदी मोफत आणि सर्वांसाठी खुल्या आहेत.

सगळ्यात जास्त वेळ नावावर घालवा, कारण घोळ तिथेच होतो. पबमेडवर, म्हणजे वैद्यकीय पेपरांच्या मोफत ऑनलाइन सूचीत, आधी आडनाव आणि मग आद्याक्षरं टाकतात. नुसतं 'पाटील एस' टाकलंत तर भलत्याच पाटलांचे पेपर एका यादीत येतील. म्हणून सोबत संस्थेचं नाव टाका, आणि शहर 'मुंबई' व 'बॉम्बे' अशा दोन्ही नावांनी शोधा. १९९५ आधीच्या पेपरांवर बॉम्बेच असतं. पबमेडमध्ये २०१४ पूर्वी साधारणपणे पहिल्या लेखकाचाच पत्ता नोंदवत, त्यामुळे चौथ्या नावाचा माणूस संस्थेवरून सापडत नाही. आपल्याकडे लग्नानंतर आडनावाबरोबर मधलं नावही बदलतं. एस. एम. जोशींचे आधीचे पेपर आणि एस. पी. कुलकर्णींचे नंतरचे पेपर एकाच बाईंचे असू शकतात. ऑर्किडचा (ORCID, संशोधकाची कायमची ओळख) सोळा अंकी क्रमांक मिळाला तर हा गुंता बराच सुटतो.

यादी हाती आली की लेखकांचा क्रम पाहा. जैववैद्यकीय पेपरात पहिलं नाव सहसा प्रत्यक्ष काम करणाऱ्याचं आणि शेवटचं प्रयोगशाळा किंवा प्रकल्प चालवणाऱ्याचं असतं. शेकडो लेखकांच्या आंतरराष्ट्रीय पेपरात मध्येच कुठेतरी नाव असेल, तर त्याची हजारो सायटेशन्स, म्हणजे इतर पेपरांनी त्याचा दिलेला संदर्भ, एकट्याच्या खात्यात धरू नका.

आता एच-इंडेक्स, म्हणजे पेपर आणि त्यांची सायटेशन्स एकत्र मोजणारा आकडा. भौतिकशास्त्रज्ञ होर्हे हिर्श यांनी २००५ मध्ये तो सुचवला. समजा, कुणाच्या सहा पेपरांना अनुक्रमे ४०, २२, ९, ५, ४ आणि २ सायटेशन्स आहेत. निदान चार सायटेशन्स असलेले निदान चार पेपर आहेत, पण निदान पाच असलेले पाच नाहीत. म्हणून एच-इंडेक्स ४. पहिल्या पेपरला उद्या चार हजार सायटेशन्स मिळाली तरी तो चारच राहील. हा आकडा वयाबरोबर वाढतो, कमी होत नाही, म्हणून तरुण संशोधकाची तुलना निवृत्तीला आलेल्यांशी करू नका. गूगल स्कॉलर प्रबंध आणि प्रीप्रिंटही (तज्ज्ञांनी तपासण्याआधीच ऑनलाइन टाकलेले पेपर) मोजतं, त्यामुळे तिथला आकडा स्कोपस या निवडक जर्नलांच्या सूचीपेक्षा बहुधा मोठा दिसतो. इम्पॅक्ट फॅक्टर, म्हणजे पेपरमागे सरासरी सायटेशन्स, तर जर्नलचा असतो, माणसाचा नाहीच.

माझं ठाम मत आहे की आकडे पाहून झाल्यावर निदान दोन पेपर उघडून वाचावेत, आणि ते कुणी व कशासाठी उद्धृत केलेत हेही पाहावं. टाटा मेमोरियलचं स्तनकर्करोगाच्या तपासणीचं काम घ्या. मुंबईतल्या सुमारे दीड लाख महिला त्यात होत्या. प्रशिक्षित आरोग्यसेविका हाताने स्तन तपासत. वीस वर्षांच्या पाठपुराव्याचे निष्कर्ष २०२१ मध्ये बीएमजे या ब्रिटिश वैद्यकीय जर्नलमध्ये आले: पन्नाशीपुढच्या महिलांमध्ये या कर्करोगाने होणारे मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी घटले. पन्नाशीच्या आतल्या महिलांमध्ये तसा फरक दिसला नाही, आणि तेही पेपरात स्पष्ट लिहिलं आहे. अशा कामात एका मुख्य निष्कर्षासाठी दोन दशकं जातात. नुसते पेपर मोजणाऱ्याला ते दिसणारच नाही.

सायटेशन म्हणजे शाबासकी असंही नाही. लस आणि ऑटिझमचा संबंध जोडणारा ब्रिटिश डॉक्टर वेकफिल्ड यांचा लॅन्सेट या वैद्यकीय जर्नलमधला १९९८ चा पेपर खूप उद्धृत झाला, पण मुख्यतः खोडून काढण्यासाठी. २०१० मध्ये तो मागे घेतला गेला. उलट, १९५२ मध्ये डॉ. भेंडे आणि सहकाऱ्यांनी लॅन्सेटमध्ये मांडलेला बॉम्बे रक्तगट हा दुर्मीळ रक्तगट आज पाठ्यपुस्तकात आहे, आणि त्यावर लिहिणारे कित्येक जण मूळ पेपरचा संदर्भ देतही नाहीत.

मागे घेतलेल्या पेपरवर पबमेड ठळक सूचना दाखवतं. मागे घेतलेल्या पेपरांची नोंद ठेवणाऱ्या रिट्रॅक्शन वॉचच्या यादीतही नाव टाकून पाहा. एखादा पेपर प्रामाणिक चुकीमुळेही मागे घेतला जातो, म्हणून कारण वाचल्याशिवाय मत बनवू नका.

प्रश्न ट्रायलचा असेल तर सीटीआरआय, म्हणजे भारताच्या क्लिनिकल ट्रायल नोंदवहीत, त्या डॉक्टरांचं नाव शोधा. आधी नोंदवलेल्या कोणत्या ट्रायल पूर्ण झाल्या आणि त्यांचे निष्कर्ष छापून आले का, हे पबमेडच्या यादीशी ताडून पाहा. एखाद्या पूर्ण झालेल्या ट्रायलचे निष्कर्ष बरीच वर्षं कुठेच दिसत नसतील, तर संमतीपत्रावर सही करण्याआधी डॉक्टरांना त्याबद्दल थेट विचारा.