हिवाळ्यात एकट्याने कामिनो चालताना या चुका टाळा

संध्याकाळचे सव्वापाच झाले होते. स्पेनमधल्या बुर्गोस आणि लेओन या शहरांच्या मधलं पठार, डिसेंबरचा तिसरा आठवडा, दिवसभरात 24 किलोमीटर चालून झालेले. ज्या धर्मशाळेच्या भरवशावर सकाळी निघाले होते, तिच्या दाराला कुलूप होतं. काचेवर हाताने लिहिलेला कागद चिकटवलेला : 'सेर्रादो', म्हणजे बंद. पुढचं गाव 9 किलोमीटरवर आणि सूर्य मावळायला अर्धा-पाऊण तास. समोरच्या घरातल्या एका आजींनी खिडकीतून मला पाहिलं, आत घेतलं, गरम दूध दिलं आणि पुढच्या गावातून टॅक्सी बोलावली. त्यांचे उपकार मी विसरणार नाही. पण चूक माझी होती. माझ्याकडच्या यादीत ती धर्मशाळा 'वर्षभर उघडी' होती आणि आदल्या रात्री फोन करून खात्री करायचं मी टाळलं होतं.

कामिनो दे सान्तियागो ही स्पेनच्या वायव्येकडल्या सान्तियागो दे कोम्पोस्तेला इथल्या सेंट जेम्स या येशूच्या शिष्याच्या समाधीपर्यंतची पायी यात्रा. तिचे मार्ग बरेच आहेत. सगळ्यांत वर्दळीचा 'कामिनो फ्रान्सेस' फ्रान्समधल्या सँ-झाँ-प्ये-द-पोर या गावातून निघतो आणि सुमारे 780 किलोमीटर चालतो. हल्ली वर्षाला जवळपास 5 लाख यात्रेकरू सान्तियागोत पोहोचल्याचं प्रमाणपत्र घेतात. जानेवारीत मात्र ही संख्या दोनेक हजारांवर येते. आपल्यापैकी जे आळंदी-पंढरपूर चालले आहेत त्यांना इथे मोठा फरक जाणवेल. वारीत मुक्काम, जेवण, सामानाचा ट्रक, सगळं दिंडी बघते. आपण फक्त चालायचं. हिवाळी कामिनोत दिंडी नाही, ट्रक नाही, कित्येकदा दिवसभर दुसरा माणूसही नाही. उद्या किती चालायचं हे पाय ठरवत नाहीत, उद्या कोणतं दार उघडं आहे त्यावर ते ठरतं. पुढे ज्या चुका सांगतेय, त्यांतल्या बऱ्याच हे न समजल्यामुळे होतात.

उन्हाळ्याच्या पुस्तकावरून मुक्काम ठरवणं

'आल्बेर्गे' म्हणजे यात्रेकरूंची धर्मशाळा. काही नगरपालिकेच्या, काही चर्चच्या, काही खासगी. खासगी आल्बेर्गे बहुतेक नोव्हेंबरात बंद होतात आणि मार्चअखेरीस किंवा ईस्टरच्या सुमारास उघडतात. उरतात त्या मोजक्या. मार्गदर्शक पुस्तकातले टप्पे हंगामासाठी आखलेले असतात, त्यामुळे पुस्तकात जिथे सहा ठिकाणं दिसतात तिथे जानेवारीत एखादंच, कधी एकही नाही. हिवाळ्यात उघड्या राहणाऱ्या आल्बेर्गेंच्या याद्या इंटरनेटवर दरवर्षी ताज्या केल्या जातात, त्या जरूर उतरवून घ्या. पण त्यावर विसंबू नका. पाइप गोठतात, सांभाळणारी बाई दोन दिवस मुलीकडे जाते, बॉयलर बिघडतो. यादीला हे कळत नाही.

म्हणून रोज संध्याकाळी, जेवायच्या आधी, एक काम : उद्याच्या मुक्कामाला फोन. स्पॅनिश येत नसलं तरी एवढं वाक्य पाठ करा : 'ओला, सोय पेरेग्रिनो. एस्तान आबिएर्तोस मान्याना?' मी यात्रेकरू आहे, उद्या उघडं आहे का? बाईने 'पेरेग्रिना' म्हणायचं. उत्तरात 'आबिएर्तो' ऐकू आलं तर उघडं, 'सेर्रादो' आलं तर बंद. फोनवर बोलायचं धाडस होत नसेल तर तुम्ही जिथे उतरला आहात तिथल्या 'ओस्पितालेरो'ला, म्हणजे व्यवस्था पाहणाऱ्याला, सांगा. ते आनंदाने लावून देतात, आणि पुढच्या दोन गावांची खबरही त्यांच्याकडेच असते. मला सगळ्यांत खरी माहिती त्यांच्याकडूनच मिळाली. एक दार उघडं आहे हे कळलं की दुसरंही विचारून ठेवा, अलीकडचं किंवा पलीकडचं. टॅक्सीचा नंबरही वहीत हवा.

पिरेनीज पर्वतावरून जायचा हट्ट

सँ-झाँहून डोंगरापलीकडे, स्पेनमधल्या रोन्सेस्वायेस गावाला जायला दोन वाटा आहेत. वरची, नेपोलियनच्या नावाने ओळखली जाणारी, सुमारे 1,430 मीटरच्या खिंडीतून जाते. फोटोंत दिसते ती हीच. नवारा प्रांताच्या सरकारने ही वाट 1 नोव्हेंबर ते 31 मार्च बंद ठेवली आहे. ही नुसती सूचना समजू नका. नियम मोडून अडकलात तर दंड होतो, सुटकेचा खर्चही अंगावर येऊ शकतो. ऊन पडलंय, आकाश निळं आहे, म्हणून 'बघू तर' असं म्हणणारे दर हिवाळ्यात भेटतात. त्या उघड्या माळावर धुकं आणि वारा अर्ध्या तासात येतो आणि आडोसा कुठेही नाही. माणसं तिथे दगावली आहेत.

हिवाळ्याची वाट खालची, वालकार्लोसमार्गे, सुमारे 24 किलोमीटर. ती 1,057 मीटरच्या इबान्येता खिंडीतून जाते. शेवटची चढण जंगलातून आहे. बर्फ जास्त असेल तर पायवाट सोडून डांबरी रस्ता धरा. दिवस छोटा असल्यामुळे वालकार्लोसला मुक्काम करून हा टप्पा दोन दिवसांत केला तरी काही बिघडत नाही. मी तसंच केलं, आणि पुढच्या आठवड्यात गुडघे कुरकुरले नाहीत.

पुढेही दोन ठिकाणी हाच विचार करावा लागतो. आस्तोर्गा शहराच्या पुढे फोन्सेबादोन गाव आणि क्रूस दे फेर्रो हा लोखंडी क्रूस सुमारे 1,500 मीटरवर, आणि सान्तियागो ज्या प्रांतात आहे त्या गॅलिसियाच्या वेशीवरचं ओ सेब्रेइरो गाव 1,300 मीटरवर. रस्ता दाखवणारे पिवळे बाण दगडांवर, झाडांवर, रस्त्यावर रंगवलेले असतात. ते 1984 पासून रंगवायला सुरुवात केली ती ओ सेब्रेइरोच्याच पाद्री एलियास वालिन्या यांनी. बर्फ पडला की त्यांतले निम्मे दिसेनासे होतात. बाण शोधत शेतात भटकू नका. क्रूस दे फेर्रोच्या बाजूने एलई-142 हा रस्ता जातो, बर्फ काढणारी गाडी त्यावरून फिरते, त्याच्या कडेने चाला. स्पेनच्या हवामान खात्याचं, आएमेटचं, अ‍ॅप रोज सकाळी बघा. पिवळा इशारा असेल तर विचार करा, नारिंगी किंवा लाल असेल तर त्या दिवशी डोंगर चढू नका. खालच्या गावात पडून राहा.

एक गैरसमज इथेच दूर करते. 'कामिनो दे इन्व्हिएर्नो' म्हणजे हिवाळी कामिनो या नावाचा मार्ग खरोखर आहे. पोन्फेर्रादाहून निघून ओ सेब्रेइरोची चढण टाळत, लास मेदुलासच्या रोमनकालीन सोन्याच्या खाणींजवळून तो सुमारे 260 किलोमीटरवर सान्तियागोला पोहोचतो. सुंदर आहे. पण नाव हिवाळी आहे म्हणून सोयी जास्त असतील असं समजून जाऊ नका. त्यावर आल्बेर्गे फारच थोडे आहेत, टप्पे लांब आहेत, हॉटेलं आधी बुक करावी लागतात. पहिल्यांदा एकटे जात असाल तर मी फ्रान्सेसच सुचवेन.

काकड आरतीच्या वेळेला निघणं

पहाटे उठून चालायला लागायची सवय वारकऱ्याला असतेच. इथे ती मोडावी लागते. स्पेनचा बहुतेक भाग भूगोलाने लंडनच्या रेषेवर किंवा त्याच्याही पश्चिमेला आहे, पण 1940 पासून देश घड्याळ मध्य युरोपचं लावतो. त्यामुळे डिसेंबरच्या शेवटी गॅलिसियात सूर्य सकाळी नऊच्या सुमारास उगवतो आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास मावळतो. चालायला नऊ तासांचा उजेड. पहाटे साचलेल्या पाण्याचा बर्फ सगळ्यांत निसरडा असतो आणि बाण दिसत नाहीत. साडेआठला झुंजूमुंजू झालं की निघा, चारपर्यंत पोहोचा. म्हणजे खाण्यापिण्याचे थांबे धरून दिवसाला 20 ते 24 किलोमीटर. कारियोन दे लोस कोन्देसच्या पुढे 17 किलोमीटर एकही गाव नाही. त्या दिवशी निघताना थर्मास आणि डबा भरलेला हवा.

धुक्यात किंवा अंधुक उजेडात गावाबाहेरच्या रस्त्यावर परावर्तक पट्टा घालणं स्पेनमध्ये कायद्याने सक्तीचं आहे. आणि हे घोटून घ्या : तिथे गाड्या उजवीकडून जातात, म्हणून आपण रस्त्याच्या डाव्या कडेने, समोरून येणारी गाडी दिसेल असं चालायचं. आपले पाय सवयीने उजवीकडे जातात. मला पहिले चार दिवस स्वतःला बजावावं लागलं.

सुती कपडे आणि हलकी पथारी

आपल्याकडे थंडी म्हटलं की सुती थर्मल, त्यावर जाड स्वेटर. घामाने आणि पावसाने सुती कपडा एकदा ओला झाला की दिवसभर ओलाच राहतो आणि उलट अंगातली ऊब शोषतो. अंगाला लागून मेरिनो लोकर किंवा सिंथेटिक, त्यावर फ्लीस, वर पाऊस-वारा अडवणारं जॅकेट. जीन्स नकोच. पठारावर कोरडी थंडी आणि बोचरा वारा, गॅलिसियात दिवसेंदिवस भिजपाऊस, दोन्हींची तयारी लागते. मोजे तीन जोड. रात्री ओल्या बुटांत वर्तमानपत्राचे बोळे कोंबून ठेवा, सकाळपर्यंत बरेच सुकतात. अनेक आल्बेर्गेंत हीटर संध्याकाळी दोन-तीन तासच चालतो, म्हणून कपडे पोहोचल्या पोहोचल्या धुवायचे. रात्री धुतलेलं सकाळी ओलंच मिळेल.

पांघरूण मिळेल असं धरून चादर घेऊन जाणं ही महागात पडणारी चूक. शून्य ते पाच अंशांत ऊब देणारी स्लीपिंग बॅग घ्या. सामान पुढे पोहोचवणाऱ्या बऱ्याच सेवा हिवाळ्यात बंद असतात, त्यामुळे सॅक स्वतःच वाहायची आहे. पाण्यासकट आठ-नऊ किलोच्या वर जाऊ देऊ नका. थंडीत मोबाइलची बॅटरी भराभर उतरते. फोन आतल्या खिशात, अंगाजवळ ठेवा.

व्हिसा अगदी मोजून मागणं

यात्रा फ्रान्समध्ये सुरू होते म्हणून फ्रान्सकडे अर्ज करू नका. शेंगेन म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांचा एकत्रित व्हिसा; त्याचा नियम असा, की जिथे जास्त दिवस राहणार त्या देशाकडे अर्ज, म्हणजे स्पेनकडे. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, 15 दिवसांपेक्षा उशिरा नाही. किमान 30,000 युरोंचा वैद्यकीय विमा लागतो. अडचण येते ती मुक्कामाच्या पुराव्याची, कारण सरकारी आल्बेर्गे आगाऊ बुकिंग घेत नाहीत. पाम्प्लोना, बुर्गोस, लेओन, सान्तियागो अशा शहरांत रद्द करता येणारी बुकिंग करा आणि मधल्या दिवसांचं तारीखवार पत्रक, थोडं समजावणारं पत्र जोडा. माझं काम त्यावर झालं. तारखा मागताना सहा-सात दिवस जास्तीचे मागा आणि परतीचं विमानही तेवढं मागे ठेवा. बर्फाने तीन दिवस अडकलात आणि विमान चौथ्या दिवशी असेल, तर नको त्या दिवशी डोंगर चढायचा मोह होतो.

खाण्याचे हाल

शाकाहारी असाल तर 'कार्ने', म्हणजे मांस, नाही एवढं सांगून भागत नाही, कारण बऱ्याच ठिकाणी 'कार्ने'त हॅम किंवा मासा धरत नाहीत. 'नि कार्ने, नि पेस्कादो, नि हामोन', म्हणजे मांस, मासा, हॅम काहीच नको, असं तिन्ही म्हणा. मसूर-डाळीच्या आमटीत चोरिसो हे डुकराच्या मांसाचं सॉसेज असतं, गॅलिसियातल्या पालेभाजीच्या सुपात डुकराची चरबी, मिश्र सॅलडमध्ये ट्यूना. अंडं चालत असेल तर बटाट्याची तोर्तिया सगळीकडे मिळते. गॅलिसियाच्या सरकारी आल्बेर्गेंत स्वयंपाकघर असतं, पण पुष्कळदा भांडी नसतात. एक छोटं पातेलं मी सान्तियागोपर्यंत वाहिलं आणि त्याचा एकदाही पश्चात्ताप झाला नाही.

दुकानं दुपारी दोन ते पाच आणि रविवारी बंद. त्यातून 6 आणि 8 डिसेंबर, 25 डिसेंबर, 1 जानेवारी, 6 जानेवारी या सुट्ट्या. 24 आणि 31 तारखेला संध्याकाळी तर गावं चिडीचूप असतात. तहानलाडू-भूकलाडू एका दिवसाचे कायम सॅकमध्ये हवेत. घरून नेताना पेढे, बर्फी असे दुधाचे पदार्थ मात्र काढून ठेवा, युरोपीय संघात ते आणायला मनाई आहे.

एकटं असणं

गुन्ह्यांच्या बाबतीत मला एकदाही भीती वाटली नाही. भीती पाय मुरगळण्याची, आणि ते कुणाला न कळण्याची. 112 हा तातडीचा क्रमांक युरोपभर चालतो. अलर्टकॉप्स हे स्पेनच्या पोलिसांचं अ‍ॅप उतरवून घ्या. त्यातून तुमचं ठिकाण थेट पोलिसांना कळवता येतं. आणि घरी एका माणसाशी ठरवा : पोहोचल्यावर निरोप, आणि संध्याकाळी सात वाजेपर्यंत आला नाही तर त्याने काय करायचं. भारतात तेव्हा रात्रीचे साडेअकरा झालेले असतात, तेव्हा जागा राहणारा माणूस निवडा. माझी धाकटी बहीण रोज जागली.

शिक्के आणि शेवटचा दिवस

प्रमाणपत्रासाठी किमान शेवटचे 100 किलोमीटर पायी चालावे लागतात आणि 'क्रेदेन्सियाल' या यात्रेकरूच्या पुस्तिकेवर त्या टप्प्यात दिवसाला दोन शिक्के लागतात. उन्हाळ्यात दर बारमध्ये शिक्का मिळतो. हिवाळ्यात बार बंद, चर्च बंद. दिसेल तिथे घ्या, 'पुढे घेऊ' म्हणू नका.

सान्तियागोत यात्रेकरूंसाठीची प्रार्थना दुपारी बारा आणि संध्याकाळी साडेसातला असते. बारा गाठायला म्हणून अंधारात वीस किलोमीटर धावत येणारे मी पाहिले, आणि पोहोचल्यावर कळलं की सॅक घेऊन कॅथेड्रलमध्ये सोडत नाहीत. धुपाचं ते प्रचंड झुलतं पात्र, बोताफुमेइरो, तेही रोज झुलवत नाहीत. उजेडात चालत तीन-साडेतीनला पोहोचा. आधी रुआ दास कार्रेतासवरच्या यात्रेकरू कार्यालयात प्रमाणपत्र घ्या, कारण हिवाळ्यात ते लवकर बंद होतं. मग मुक्कामी सॅक ठेवा, कोरडे मोजे घाला आणि साडेसातच्या प्रार्थनेला जा.